पासपोर्ट साइजचे खेळाडू

बऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या त्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर जाड काच होती. काचेखाली नवरानवरींचे, बारशाच्या बाळांचे, रिटायर झालेल्या साहेबांचे नमुन्याचे फोटो लावलेले असत. मी वर राहायला गेले तेव्हा ते होते. पुढं ते एकेक करून गेले आणि त्यांच्या जागी सतरा-अठरा वर्षांची परदेशी पोरं आली. पासपोर्ट साइज, मागं निळा रंग, ओळीनं लावलेली. कुणी पिंगट केसांचा, कुणी कुरळ्या केसांचा, सगळे समोर बघतायत आणि हसत कुणीच नाही. शाळेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आलेली माणसं वाट बघताना त्यांच्यावर कोपर टेकून उभी राहात.

एकदा एक बाई बराच वेळ काचेवर वाकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, हे पोरं लग्नाचे आहेत का?"

स्टुडिओवाले काका लाइट नीट करत होते. ते म्हणाले, "कोणता पाहू राहिल्या तुम्ही?"

"हा तिसरा. माझ्या भाचीसाठी पाहू राहिलो आम्ही. कुठला आहे? इंदूरचा का?"

काका काउंटरपाशी आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तिसऱ्याकडं नीट पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "तिसरा नका घेऊ ताई. त्याचा डावा गुडघा कच्चा आहे."

बाईंना हे पटलं. आजकाल आधी कोण सांगतं एवढं, असं म्हणत त्या आपले चार फोटो घेऊन गेल्या. मी जिन्यात उभी राहून हे ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. काकांना मात्र यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. गुडघा खरोखरच कच्चा होता.

काका माझे घरमालक. मी नाशिकची. बऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला म्हणून आले आणि तीन-चार वर्षं त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिले. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी नाव, गाव, जात, पगार यांतलं काहीही विचारलं नाही. दोन बोटांनी माझी हनुवटी धरली आणि खिडकीकडं वळवली. मी इतकी चकित झाले की ओरडायचं राहून गेलं.

"चढता चेहरा आहे मॅडम. चाळिशीत चांगल्या दिसाल."

"म्हणजे आता?"

"आता थांबा थोडं," ते म्हणाले आणि किल्ली काढून दिली.

ही हनुवटी धरायची सवय सगळ्यांना माहीत होती. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाची ते धरत, बँकेच्या मॅनेजरची धरत, आणि लोकही मान उजेडाकडं करून शहाण्यासारखे उभे राहात. कारण उभ्या बऱ्हाणपूरचे फोटो त्यांनी काढलेले. दहावीच्या हॉल तिकिटासाठी ज्याचा काढला त्याचाच पुढं लग्नाचा, असीरगढच्या किल्ल्यावर नेऊन, आणि त्यानंतर त्याच्या पोरांचा. एकच चेहरा बारा वर्षांचा असताना, पंचवीस वर्षांचा असताना आणि चाळीस वर्षांचा असताना अशा तीन-तीन वेळा पाहिल्यावर माणूस पुढं कसा होणार हे आपल्याला कळतं, असा त्यांचा ठाम समज होता. चेहऱ्यांचे त्यांच्याकडं तीनच प्रकार. चढता, भरलेला आणि उतरता. नाकीडोळी नीटस वगैरे शब्द ते वापरत नसत. ते मान बघायचे, खांद्याची हाडं बघायचे आणि सगळ्यांत जास्त कान बघायचे. ज्याचे कान त्याच्या चेहऱ्याला मोठे दिसतात तो अजून वाढायचा आहे, चेहरा मागून येणार आहे, असं ते सांगत.

हे खरं किती? मी हा प्रश्न बरेच दिवस घेऊन बसले होते. एकदा दापोऱ्याचे एक केळीवाले शेतकरी पासपोर्टचा फोटो काढायला आले. चाळिशीचे, रुंद, दाराला भरून उरतील असे. काकांनी त्यांना बघताच टाळी वाजवली. "सांगतलं होतं ना मी तुझ्या बापाला? हा काडी आहे काडी, पण तिशीनंतर याची गर्दन भरेल!" ते गृहस्थही खूश. आमचे वडील शेवटपर्यंत सांगायचे म्हणाले. पण त्याच काकांनी कापडाच्या दुकानातल्या एका मुलाला तू सहा फूट होशील असं सांगितलं होतं, आणि तो पाच-तीनवर थांबला. "यानं मला फसवलं," असं काका त्याच्या तोंडावर म्हणत.

हा पाच-तीनचा माणूस आता स्वतः दुकान चालवतो. त्याला सगळे सेक्रेटरी म्हणत, कारण तो एका लीगचा सेक्रेटरी होता. त्याच्यामुळंच ती परदेशी पोरं काचेखाली आली.

लीग म्हणजे एक खेळ, मोबाइलवरचा. तिकडं परदेशात खऱ्या फुटबॉलच्या मॅच होतात. इकडं बसून आपण त्यांतले खेळाडू आपले म्हणून निवडायचे. त्यानं तिकडं गोल मारला की आपल्याला इकडं पॉइंट. साध्या प्रकारात दर वर्षी टीम मोडतात आणि नवी करतात. यांची टीम मोडत नसे. एकदा घेतलेला पोरगा तुमचा, तो फुटबॉल सोडेपर्यंत तुमचा, किंवा तुम्ही त्याला कुणाशी बदलेपर्यंत. त्यामुळं आज कोण भारी आहे यापेक्षा पाच वर्षांनी कोण भारी होईल याला जास्त किंमत. दर ऑगस्टात नव्यानं वर आलेली पोरं वाटायला निघत, त्याला ड्राफ्ट म्हणत. त्यात आदल्या वर्षी जो शेवटी आला असेल त्याला सर्वांत आधी निवडायला मिळे, म्हणजे बिचाऱ्याची टीम सावरेल. हा पहिला नंबर पाहिजे तर तो दुसऱ्याला देऊन बदल्यात काही घेताही येई.

आठ जणांची ही लीग. सगळे एका शाळेतले मित्र, आता कुणी बऱ्हाणपुरात, कुणी पुण्यात, कुणी आणखी कुठं. पुण्यात होता तो काकांचा मुलगा.

आणि मुलगा काकांशी बोलत नव्हता. आई गेली, तेरावं झालं, तो पुण्याला गेला, त्यानंतर एक फोन नाही. ही गोष्ट लालबागेत सगळ्यांना माहीत होती आणि काकांसमोर कुणी काढत नसे.

एक दिवस सेक्रेटरी कसल्याशा लायसनसाठी फोटो काढायला आला. काकांनी त्याची हनुवटी धरलेली असताना तो सहज बोलून गेला की आमची लीग मोडायला आली, आठवा मेंबर परदेशात गेला आणि उत्तर देत नाही.

काकांनी विचारलं, "आमचा आहे का त्या लीगमध्ये?"

"आहे ना काकाजी. रोज बोलतो ग्रुपवर."

"रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"कशाबद्दल बोलतो?"

"फुटबॉलबद्दल, अजून काय."

काकांनी फोटो काढला, प्रिंट काढून दिला, आणि म्हणाले, "ती आठवी टीम मला दे."

सेक्रेटरीनं ग्रुपवर टाकलं. पुण्याहून दोनच शब्द आले, 'ठीक आहे.' ते दोन शब्द काकांनी मला दाखवले. त्यांचे डोळे चमकत होते. "ग्रुप सोडून निघून तर नाही गेला," ते म्हणाले.

अॅप इंग्रजीत होतं, आणि काकांना त्यातलं काही येत नव्हतं. म्हणून मी. मला फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही, तेव्हाही नव्हता. पण हा माणूस काय करतो ते बघायची उत्सुकता मात्र इतकी होती की कॉलेजातून आल्यावर चहा घ्यायच्या आधी मी खाली जाऊ लागले.

काकांची निवडायची पद्धत अशी. ड्राफ्टला येणाऱ्या पोरांचे आकडे मी वाचून दाखवायला लागले तर ते हात वर करत. आकडे नको, फोटो काढा. मग मी क्लबांच्या साइटवरून सरळ समोर बघणारे फोटो शोधायची, ते मागचा रंग खोडून निळा भरायचे आणि पासपोर्ट साइजमध्ये छापायचे. सगळे एका मापात, एका रंगात आल्याशिवाय चेहरा कळत नाही, रंगीत कपड्यांनी माणूस फसतो, असं त्यांचं म्हणणं. मग ते काचेखाली लावायचे आणि आठवडाभर जाता-येता बघत राहायचे. गिऱ्हाइकांची मतंही घ्यायचे. एका शाळकरी मुलीच्या आजीनं एका पोराला 'खाण्यापिण्याची आबाळ दिसू राहिली' म्हटलं, तर काकांनी त्याला खालच्या ओळीत टाकलं.

शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरीच्या दुकानावरच्या खोलीत मॅच बघायला जमत. काका आवाज बंद करायला लावायचे. गोल झाला की पोरं उड्या मारायची आणि काका मागून ओरडायचे, "बाजूला व्हा रे, तो मागं उभा आहे तो पाहू द्या!" चेंडू कुठं आहे हे त्यांना कधीच माहीत नसे.

आता यातली चिडवणारी गोष्ट ही की ते पुष्कळदा बरोबर निघत. ज्याला कुणी ओळखत नव्हतं असा एक पोरगा त्यांनी निव्वळ खांद्याच्या हाडावरून घेतला. हाडाला अजून मांस यायचं आहे, म्हणाले. दीड वर्षात तो त्याच्या देशाकडून खेळायला लागला. त्या आठवड्यात सगळ्या ग्रुपवर काकांची वाहवा झाली. आणि त्याच आठवड्यात काकांनी तो देऊन टाकला आणि बदल्यात कुठलातरी नवा, सोळा वर्षांचा, घेतला.

सेक्रेटरी दुकान सोडून धावत आला. "काकाजी, ये क्या कर दिया? हाच तर टाइम होता ठेवायचा!"

"आता काय राहिलं त्याच्यात? भरला तो."

"अरे, मग भरल्यावरच तर पॉइंट देतो ना माणूस!"

"देऊ दे. ज्याला पॉइंट पाहिजेत त्यानं घ्यावा."

असं प्रत्येकाचं. चढता होता तोवर काका त्याला जीव लावत, मला रोज त्याची खबर विचारत. भरला की त्यांचं मन उडे. त्यांच्या टीममध्ये सगळी उद्याची पोरं, आज खेळणारं कुणी नाहीच. अर्थात टीम कायम शेवटच्या नंबरावर. पहिल्या वर्षी मला वाटलं, बिचारे नवीन आहेत. दुसऱ्या वर्षी वाटलं, हट्टी आहेत. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला असा व्यवहार बघवत नाही. मी त्यांना चांगलं सुनावलंही. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त बटण दाबा."

दोन्ही ऑगस्टांत एक गोष्ट सारखीच घडली. पहिला नंबर काकांकडं. तो मागणारा सौदा पुण्याहून येई, कारण मुलाला जिंकायची फार हौस. पण तो येई अॅपमधून. एका चौकटीत तो काय देणार, दुसऱ्या चौकटीत तो काय मागणार, खाली दोन बटणं, मान्य आणि अमान्य. शब्द एकही नाही. काका विचारत, "काही लिहिलं आहे का खाली?" मी सांगे, नाही. "मग नाही म्हणा." दुसरा सौदा येई, पहिल्यापेक्षा चांगला. "लिहिलं आहे का काही?" नाही. "मग नाही." मी म्हटलं, काका, हा खरंच चांगला सौदा आहे. ते म्हणाले, "सौदा तोंडानं होत असतो मॅडम. मुक्यानं काय सौदा करायचा?"

तिसऱ्या वर्षी मेमध्ये, मोसम संपत आलेला असताना, काकांच्या हातून एक घोटाळा झाला. एक पोरगा वेळेआधीच भरला. काकांच्या लक्षात यायच्या आत तो लागोपाठ गोल मारू लागला आणि काकांची टीम वर सरकली. शेवटच्या आठवड्यात असं झालं की तो नुसता खेळला तरी काका आठव्याचे सातवे होणार. मी ही बातमी मोठ्या आनंदानं खाली घेऊन गेले. मला वाटलं, चला, एकदाचे शेवटून सुटले.

काकांचा चेहरा पडला. "त्याला बसवा," ते म्हणाले. बसवा म्हणजे बेंचवर टाका, म्हणजे त्याचे पॉइंट मिळणार नाहीत.

"काका, तो फॉर्मात आहे."

"म्हणून तर सांगू राहिलो. बसवा त्याला."

"पण का? मला कळू दे तरी!"

मी जरा जोरातच बोलले. दुकानात कुणी नव्हतं. काका स्टुलावर बसले, ज्यावर गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सातवा आलो तर पहिला नंबर जाईल मॅडम. पहिला नंबर गेला तर त्याचं माझ्याशी काय काम राहिलं?"

म्हणजे हा माणूस हरत नव्हता. दोन वर्षं तो शेवटचा नंबर सांभाळून बसला होता, की ऑगस्टात मुलाला आपल्या दारी यावं लागेल. मी त्या पोराला बेंचवर टाकलं. त्यानं दोन गोल मारले, आणि आम्ही आठवे आलो.

त्या दिवशी त्यांनी मला आत नेऊन भिंतीवरचा फोटो दाखवला. मी तो येता-जाता पाहिलेला होता, काकूंचा, हार घातलेला. नीट कधी पाहिला नव्हता. काकूंच्या डाव्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी जांभळ्या साडीचा काठ होता. कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला फोटो.

"ही गेली तेव्हा घरात हिचा एक फोटो सापडला नाही," काका म्हणाले. "पेपरात द्यायला, भिंतीवर लावायला, एक नाही. पोरगा कपाटं उपसू राहिला होता. मग मला म्हणाला, 'पप्पा, अख्ख्या गावाचे फोटो काढले, माझ्या आईचा एक ठेवता नाही आला तुम्हाला?' बस. ते शेवटचं."

"काढलेच नाहीत तुम्ही?"

"काढले ना. दर दिवाळीला काढायचो. नवी साडी नेसून स्टुडिओत यायची, इथंच बसायची. पण माझ्या मनासारखा कधी उतरला नाही. कधी पापणी मिटलेली, कधी गालावर सावली. मी फाडून टाकायचो, निगेटिव्हसकट. म्हणायचो, पुढच्या दिवाळीला चांगला येईल. ती म्हणायची, राहू द्या ना एखादा, असू दे कसाही. मी म्हणायचो, थांब."

मला त्यांची दया यायला हवी होती. आधी राग आला, अगदी सणसणून आला. इतक्या वर्षांच्या दिवाळ्या, दर वेळी नवी साडी नेसून ती बाई त्या स्टुलावर बसली असेल, आणि या माणसानं तिला दर वेळी नापास केलं. तिच्या जागी मी असते तर कॅमेरा फोडला असता. मग मी त्यांच्याकडं पाहिलं. ते त्या जांभळ्या काठाकडं बघत होते, आणि माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. वर गेले आणि रडले.

त्या ऑगस्टात ड्राफ्टला एक असा पोरगा आला की सगळी लीग वेडी झाली. अठरा वर्षांचा, असा खेळाडू दहा वर्षांत एखादाच निघतो, असं सेक्रेटरी सांगत फिरत होता. काचेखाली तो पहिल्या ओळीत पहिला होता. आणि कान, काकांच्या हिशेबानं, चेहऱ्याला चांगलेच मोठे.

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर काहीतरी लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'पहिला नंबर द्यायचा आहे. बोलणी फक्त फोनवर.'

सहा जणांचे फोन आले. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवत, त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळं सगळी बोलणी मला आणि शेजारच्या पानवाल्याला पाठ झाली. कुणी दोन स्ट्रायकर देऊ केले, कुणी पुढच्या तीन वर्षांचे आपले ड्राफ्टचे नंबर. काका प्रत्येकाशी आरामात बोलत, तुझं वजन वाढलं असेल ना आता, वडिलांची दाढ कशी आहे, असं सगळं विचारत, आणि शेवटी प्रेमानं नाही म्हणत. पुण्याहून फोन आला नाही. अॅपमध्ये सौदाही आला नाही. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी काका दुकानात निळा पडदा उगाचच खाली-वर करत बसले होते.

रविवारी दुपारी आम्ही सेक्रेटरीच्या दुकानावरच्या खोलीत जमलो. मधोमध मावा जलेबीचं खोकं, भिंतीला टीव्ही, त्यावर व्हिडिओ कॉलचे चौकोन. बाहेरगावची मंडळी आपापल्या चौकोनात दिसत होती. पुण्याचा चौकोन काळा होता, कॅमेरा बंद. सेक्रेटरीनं घोषणा केली, पहिला नंबर काकाजी, दहा मिनिटं. घड्याळ सुरू झालं. काकांनी जलेबी हातात घेतली आणि तशीच धरून बसले. ते त्या काळ्या चौकोनाकडं बघत होते.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला.

काकांनी नाव पाहिलं आणि फोन माझ्यापुढं धरला. "मॅडम, तुम्ही घ्या."

"मी नाही घेणार," मी म्हटलं. "तुमचा आहे."

ते उठले आणि बाहेर जिन्यात गेले. मीही मागोमाग गेले, कारण बटण माझ्या फोनवर होतं, आणि खरं सांगायचं तर बटण नसतं तरी गेले असते. खाली कुणाच्यातरी घरात पॉवरलूमचा खटखटाट चालू होता. काकांनी सवयीनं स्पीकर लावला.

"हां," काका म्हणाले.

"पप्पा."

"हां. बोल."

"तो पहिला नंबर," मुलगा म्हणाला.

"आहे. माझ्याकडंच आहे."

"मला तो पोरगा पाहिजे."

"कोणता, कानवाला?"

"कानवाला?" तिकडून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. "अजून कानच पाहू राहिले का तुम्ही?"

"मग काय पाहू? चांगले कान आहेत. पण गर्दन भरायची आहे त्याची. दोन वर्षं लागतील, सांगून ठेवतो. मग म्हणशील पप्पांनी सांगतलं नाही."

"थांबेन मी. पण इथले लोक म्हणू राहिले की तो याच वर्षी चालेल."

"नाही चालणार. खांदा पाहिला का त्याचा? उजवा खाली आहे थोडा. फोटो आहे ना तुझ्याकडं? समोर घे. आता डावीकडून पाहा."

आणि ते बोलत सुटले. खांदा, मान, त्याच्या क्लबचा कोच त्याला कुठं उभा करतो, त्याचा थोरला भाऊ खेळायचा तो तिशीत कसा सुटला. मुलगा वाद घालत होता, काका त्याला खोडून काढत होते, त्यांचा आवाज चढला होता आणि हातातल्या जलेबीचा पाक कोपरापर्यंत ओघळला होता. आतून सेक्रेटरी ओरडला, "काकाजी, टाइम!"

"बरं, काय देऊ बदल्यात?" मुलानं घाईनं विचारलं. "तुम्ही सांगाल तो देतो."

"तुझा तो म्हातारा गोलकीपर दे."

"कोण, तो? पप्पा, तो या वर्षी सोडणार आहे फुटबॉल. बेंचवरच बसेल. तुम्हाला एक पॉइंट नाही मिळायचा त्याचा."

"माहीत आहे."

मुलगा हुशार होता, लीगमध्ये सगळ्यांत हुशार. त्यानं हिशेब लावला.

"मतलब तुम्ही परत शेवटी येणार," तो सावकाश म्हणाला.

"हां."

"आणि पहिला नंबर परत तुमच्याकडं."

"हां," काका म्हणाले. मग ते कठड्याला टेकले. "म्हणजे पुढच्या वर्षी करशील ना फोन?"

मी दुसरीकडं पाहू लागले.

"पुढच्या वर्षी," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आईलाही तुम्ही हेच म्हणायचे पप्पा. पुढच्या वर्षी."

काकांनी स्पीकर चालू असतानाच फोन कानाला लावला.

"मी उद्या करतो," मुलगा म्हणाला. "उद्या संध्याकाळी."

"उद्या?" काका गोंधळले. "उद्या काय आहे?"

"काही नाही. करतो." आणि त्यानं फोन ठेवला.

मी सौद्याचं बटण दाबलं. आत एकच गलका झाला, सेक्रेटरी कपाळावर हात मारून घेत होता, गोलकीपर घेतला, काकाजींनी म्हातारा गोलकीपर घेतला! काका जिन्यातच उभे होते, बंद झालेल्या फोनकडं बघत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं, कारण एका हातात फोन आणि दुसऱ्यात जलेबी. मी जलेबी काढून घेतली. तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि एकदम त्यांची धांदल उडाली.

"मॅडम, आपल्या टीममधला एखादा पोरगा विकायला काढा. लवकर."

"आता कशाला?"

"उद्या तो फोन करू राहिला ना," काका म्हणाले. "बोलायला काहीतरी पाहिजे."